दोन शिट्ट्यांमधला वेळ

झरीच्या पोरांकडून चार-एक असे हरलो, त्या दिवशी परभणीहून पूर्णेला येईपर्यंत गाडीत कुणी कुणाशी धड बोललं नाही. स्टेशनाबाहेर आलो, चहाच्या गाड्यापाशी थांबलो, आणि मग सगळ्यांची तोंडं एकदम सुटली.

"झरीत फुटबॉल येऊन तीन वर्सं बी झाले न्हाईत," मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा म्हणाला. "आन् आपुन बापजाद्यापासून खेळायलोय. आता काकांनी घरी बसावं."

हे आमच्या मनात दोन वर्षं होतं, पण मोठ्याने कुणी म्हटलं नव्हतं. आता म्हटल्यावर ते परत घेता येण्यासारखं राहिलं नाही. रेल्वेत रूळ बदलायचं काम करून निवृत्त झालेले पॉइंट्समन आमच्यातले सगळ्यात जुने प्रेक्षक. त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "तू कधी पायाला बॉल लावलायस का रे?" दुकानवाला म्हणाला, भाजी खारट झाली हे सांगायला स्वयंपाक यावा लागत नाही. लोक हसले. पॉइंट्समन हसले नाहीत.

काका म्हणजे आमचा कोच. निवड तोच करतो, सराव तोच घेतो, बॉलमध्ये हवा तोच भरतो. लोको शेडमधून फिटर म्हणून निवृत्त झालेला, पासष्टी ओलांडलेला माणूस. माझे वडील या टीमचे लेफ्ट बॅक होते तेव्हा काका नुकते टीममध्ये आलेले होते. त्यामुळे ते मला अजूनही एकेरीत बोलतात आणि "माय" म्हणतात. त्या संध्याकाळी ते आमच्याबरोबर चहाला थांबले नाहीत. बॉलची जाळी खांद्यावर टाकून रुळाच्या कडेकडेने क्वार्टरांकडे निघून गेले. आमचा आवाज तिथपर्यंत जात होता हे मला माहीत आहे, कारण मी पाहत होते आणि ते मधेच एकदा थांबले होते.

माझं मत विचारलं गेलं. मी ते दिलं. मला मतं मुद्द्यांनी मांडायची सवय आहे. रनिंगवाल्यांचे, म्हणजे गाडीवर जाणाऱ्या रेल्वे कर्मचाऱ्यांचे डबे करते मी. कुणाला किती पोळ्या, कुणाला तिखट चालत नाही, कुणाचा डबा घरी आणि कुणाचा थेट स्टेशनात, हे सगळं स्वयंपाकघरातल्या पाटीवर लिहिल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. तशाच रीतीने मी सांगितलं: आपली टीम वाईट नाही, ती टीमच नाही. बचावातले चौघे आज पहिल्यांदा एकत्र खेळले. गोलकीपर हाफटाइमला गाडीतून उतरून आला. सरावाला एक वेळ नाही, अकरा जण ठरलेले नाहीत. सकाळी दिवसपाळी नसलेले येतात, संध्याकाळी रात्रपाळी नसलेले येतात आणि काका दोघांनाही वेगवेगळं शिकवतात. वेळ एक करा, अकरा जण पक्के करा. काकांना हे जमत नसेल तर ज्याला जमतं त्याला आणा.

"काकूंनी एकदम हिशोबात सांगितलं," दुकानवाला म्हणाला. गावात मला सगळे काकूच म्हणतात. बाकीच्यांनीही माना डोलावल्या. मला बरं वाटलं. आपलं म्हणणं स्वच्छ असलं की ते दुसऱ्याला पटतं, यात आनंद असतो.

पॉइंट्समन जाताना माझ्याजवळ थांबले. "तुझ्या बापानं काकाला बॉल मारायला शिकवलं," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, त्याचा या मुद्द्याशी संबंध नाही. आणि खरंच नव्हता.

*

आमच्याकडे कोचला काढायचं तर सभा, ठराव, सह्या असलं काही नसतं. वडिलांच्या काळात एकदा चिठ्ठ्या टाकून मतं घेतली होती. कुणी कुणाला फसवलं यावरून जी भांडणं लागली ती क्वार्टरांतल्या बायकांच्या पाण्याच्या नळापर्यंत पोचली. तेव्हापासून "उभं राहणं" सुरू झालं. रविवारी संध्याकाळी खेळणारे, बघणारे सगळे मैदानावर जमतात. कोच मधल्या वर्तुळात उभा राहतो आणि पहिली शिट्टी वाजवतो. ज्यांना तो हवा ते पाण्याच्या टाकीकडच्या गोलपोस्टपाशी जातात, ज्यांना नको ते स्टेशनाकडच्या. दुसऱ्या शिट्टीपर्यंत मन बदलता येतं, चालत दुसरीकडे जाता येतं. दुसरी शिट्टी वाजली की जो जिथे असेल तिथे मोजला जातो. मैदानाबाहेर असलेला मोजला जात नाही. आणि दोन्ही शिट्ट्या कोचनेच, त्याला वाटेल तेव्हा वाजवायच्या, कारण तो कोच आहे तोवर मैदानावरची शिट्टी त्याची.

मी लहानपणापासून असं उभं राहणं दोनदाच पाहिलं होतं. वाईट प्रकार आहे. चिठ्ठी लपते, माणूस लपत नाही. शेजारी शेजाऱ्याला बघतो, जावई सासऱ्याला बघतो.

या वेळी ते करायचं ठरलं आणि त्याची व्यवस्था माझ्याकडे आली. कुणी म्हणालं, काकू नेमक्या आहेत, त्यांच्याकडे द्या. मी नको म्हटलं नाही. दिवस ठरवला, ग्रुपवर निरोप टाकला, आणि काकांना काढलंच तर उद्या सरावाला कोण, हा प्रश्न आधी सोडवायला हवा म्हणून कॉलेजमधल्या क्रीडाशिक्षकाकडे गेले.

तरुण माणूस. टापटीप. टेबलावर एकही फालतू कागद नाही. मी बोलायला लागले तर त्याने आधी पाणी दिलं आणि मग पेन उघडलं. मला तो पहिल्या पाच मिनिटांत आवडला. त्याने झरीचा सामना पाहिला होता आणि मी गाड्यापाशी जे म्हटलं होतं तेच तो म्हणाला, जास्त नीट.

"मी येईन," तो म्हणाला. "पण माझ्या पद्धतीने. रोज संध्याकाळी साडेपाच. पंधरा जण, त्यातले अकरा पक्के. आठवड्यात दोनदा न सांगता गैरहजर राहिला, तो बाहेर. सांगून तीनदा राहिला, तरी बाहेर. कुणाचाही मुलगा असो."

मी म्हटलं, अगदी बरोबर.

घरी येताना मला हलकं वाटत होतं. काम झालं होतं, ठरल्या दिवसाच्या आधी झालं होतं.

*

मुलगा त्या दिवशी घरी होता. तो मालगाडीवर असिस्टंट लोको पायलट आहे आणि टीमचा सगळ्यात चांगला फॉरवर्ड. हे आई म्हणून म्हणत नाही, झरीच्या विरुद्धचा आमचा एकुलता एक गोल त्याचाच होता. तो जेवत होता. मी क्रीडाशिक्षकाचं सगळं त्याला सांगितलं, साडेपाच, पंधरा, अकरा, गैरहजेरी. तो ऐकत होता. वरण संपवलं, ताट सरकवलं.

"मंग मी पहिल्याच आठवड्यात बाहेर," तो म्हणाला.

मालगाडीवरच्या पोरांना ठरलेली वेळ नसते. फोन येतो आणि दोन तासांत निघावं लागतं, दिवस असो वा रात्र. परत कधी येणार ते गाडीलाही माहीत नसतं. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी या पोरांचे डबे भरते. पाटीवर त्यांच्या नावापुढे वेळेची जागा मी मोकळीच ठेवते, कारण ती लिहिता येत नाही. आणि तीच मी, एका वेळेला सगळ्यांनी यावं म्हणून गाड्यापाशी भाषण करून आले होते.

"बाकीचे पण," तो म्हणाला. "गोलकीपर. दोघे बॅक. आमच्यातला एक बी टिकत न्हाई."

"तू हे आधी का बोलला नाहीस?"

"तू आधी विचारलं का?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं. तो हात धुवायला गेला आणि मोरीतून म्हणाला, "आता तू फिरू नकोस हां. लोक म्हणतील, पोराचं आलं तवा मत बदललं. तू तिकडंच उभी राह."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा कॉलेजमध्ये गेले. रनिंगवाल्यांसाठी काही सवलत ठेवता येईल का, असं विचारलं. क्रीडाशिक्षकाने थोडा विचार केला. मला वाटलं, होईल. मग तो म्हणाला, "एकाला सवलत दिली तर बाकीच्या दहांना मी काय सांगू? तुम्हीच सांगा."

त्याच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

*

आठवडाभर पूर्णेत दुसरा विषय नव्हता. माझ्याकडे डबा न्यायला येणारी पोरं दारात घुटमळायची. रनिंगवाल्यांना कळलं होतं, मी कुणाला भेटून आले आणि त्याने काय अटी घातल्या ते. एकाने डबा घेताना म्हटलं, "मावशी, पोळ्या दोन कमी द्या. आता पळायचं काम न्हाई." हसत म्हणाला, पण मान वर केली नाही. गावातले लोक मात्र मला रस्त्यात थांबवून शाबासकी द्यायचे. भाजीच्या दुकानात एक बाई, जिने आयुष्यात मैदान पाहिलं नसेल, म्हणाली, "त्या म्हाताऱ्याला काढायलात म्हणे? बरं करायलात."

दुकानवाला आणि पॉइंट्समन चहाच्या गाड्यापाशी रोज भांडायचे. एकदा मी तिथे असताना दुकानवाला म्हणाला, काका दयेवर टीम चालवतात, जो येईल त्याला खेळवतात, ही धर्मशाळा आहे का फुटबॉल? पॉइंट्समनने विचारलं, तुझ्या दुकानाला साडेपाचला कुलूप लावून येशील का रोज? दुकानवाला म्हणाला, मी खेळत नाही. "हां," पॉइंट्समन म्हणाले, "खेळत न्हाईस म्हणूनच तर येळ सुचायली." यावर दुकानवाल्याचा चेहरा खरोखर उतरला. तो माझ्याकडे वळून म्हणाला, काकू, तुम्ही सांगा यांना. मी चहाचे पैसे देऊन निघाले.

शनिवारी मैदानावर गेले. फक्की मारायची होती, म्हणजे चुन्याने रेषा आखायच्या होत्या. कोण मारणार हे मी ठरवायचं विसरले होते, असं सहसा होत नाही. जाऊन पाहते तर काका आधीच मारत होते. दोरी ताणलेली, पत्र्याच्या डब्याला खालून भोकं पाडलेली, वाकून एकेक पाऊल मागे सरकत होते. ज्या मधल्या वर्तुळात उद्या त्यांना उभं राहायचं होतं ते त्यांनी स्वतः आखलं होतं.

मी म्हटलं, "काका, हे मी कुणाला तरी सांगितलं असतं."

"तुला लय कामं हायेत," ते म्हणाले. टोमणा होता की नव्हता, कळलं नाही.

मी दोरीचं दुसरं टोक धरलं. एक रेष पूर्ण झाली. मग मीच विषय काढला. त्यांना म्हटलं, मी जे म्हणाले ते टीमच्या भल्यासाठी म्हणाले.

"तू बरोबर म्हणालीस," ते म्हणाले. "अकरा जण रोज एका येळी आले तर मी बी जिंकीन. त्याला काय हुशारी लागतेय?"

"मग तसं का नाही केलं?"

त्यांनी डबा खाली ठेवला. कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "ज्याला कॉल आला त्याला मी काय सांगू? येऊ नको म्हणू? गाडीवरनं उतरून पोरगं झोपायच्या आधी इकडं येतंय, अर्धा तास का होईना. त्याला म्हणू, साडेपाच वाजून गेले?" मग जरा थांबून, दुसरीकडे बघत ते म्हणाले, "मला काढू नका असं मी कुणाला म्हणणार न्हाई. पण माय, मला जायचं न्हाई. मी दुसरं काय करू, मला माहीत न्हाई."

हे मी ऐकायला नको होतं असं वाटलं. एखाद्या माणसाने रागावावं, भांडावं, म्हणजे त्याच्या विरुद्ध उभं राहणं सोपं जातं. त्यांना तेवढी सोय करून द्यायची नव्हती किंवा ती करावी हे सुचलं नव्हतं. आम्ही उरलेल्या रेषा मारल्या. मी घरी आले आणि हातावरचा चुना कितीतरी वेळ धुत राहिले.

*

रविवारी पाच वाजता मैदान भरायला लागलं. ऊन अजून होतं. रेल्वेचे लोक एकेक, दोघे-दोघे आले. काहींच्या अंगात ड्युटीचे कपडे होते. गावातले मोटारसायकलींवर घोळक्याने आले. कुणी शेंगा आणल्या होत्या. क्रीडाशिक्षक आला नव्हता. आपण येणं बरं दिसणार नाही, असं त्याने मला कळवलं होतं, आणि ते मला योग्य वाटलं होतं.

काका वर्तुळात जाऊन उभे राहिले. टोपी काढून खिशात घातली आणि पहिली शिट्टी वाजवली.

मी स्टेशनाकडच्या गोलाकडे चालायला लागले. माझ्या मागे बरेच जण आले. दुकानवाला माझ्या शेजारीच होता. गोलात पोचून वळून पाहिलं तर टाकीकडेही गर्दी होती, आम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त. पॉइंट्समन अगदी पुढे. माझा मुलगा त्यांच्या मागे, हातात मोबाईल. तो माझ्याकडे बघत नव्हता.

दुकानवाला ओठांतल्या ओठांत मोजत होता. "बरोबरीचं दिसायलंय," तो म्हणाला. बरोबरी झाली तर जुना राहतो, असा रिवाज आहे.

त्याच वेळी रस्त्याकडून अजून काही मोटारसायकली आल्या. बाजारातले लोक. ते आमच्या बाजूचे हे त्यांचे चेहरेच सांगत होते. पॉइंट्समन ओरडले, "वाजवा की ओ आता. किती वाट बघायची?" त्यांचं बरोबर होतं. काकांनी तेव्हा शिट्टी वाजवली असती तर ते वाचले असते. गाड्या अजून उभ्या राहिल्या नव्हत्या. सगळे काकांकडे बघत होते. काकांनी शिट्टी हातात धरली होती, तोंडापर्यंत नेली नव्हती. मोटारसायकली स्टँडवर लागल्या, माणसं उतरली, चालत आत आली, आमच्यात मिसळली. ते आत येईपर्यंत काका थांबले.

आणि मग टाकीकडे फोन वाजायला लागले.

एक वाजला. गोलकीपरने कानाला लावला, दोन शब्द बोलला, काकांकडे बघून हात वर केला आणि मैदानाबाहेर पळाला. मालगाडी उभी होती, ड्युटी होती. लगेच दुसऱ्याचा वाजला. मला ते इतकं ओळखीचं होतं. ज्या कारणाने दर सामन्याला आमची माणसं कमी पडायची, त्याच कारणाने आता काकांची माणसं कमी होत होती, एकेक करून, माझ्या डोळ्यांदेखत. आमच्या गोलात कुणीतरी हसलं. दुकानवाला हसला नाही, हे मला त्याचं सांगायला हवं.

तिसरा फोन माझ्या मुलाचा होता. त्याने स्क्रीन बघितली, थोडा वेळ तसाच उभा राहिला, मग उचलला. बोलून झाल्यावर तो पॉइंट्समनला काही म्हणाला आणि रेषेबाहेर पडून घराकडे धावला. त्याची बॅग भरलेली असते, ती मीच भरून ठेवते. डबा मात्र करायचा राहिला होता.

मी चालायला लागले.

ते मी ठरवलं नव्हतं. पाय निघाले आणि मग कळलं की मी टाकीकडे निघाले आहे. मागून दुकानवाला म्हणाला, "काकू?" मी थांबले नाही. लोक काय म्हणतील ते मला माहीत होतं, मुलाने ते आधीच सांगून ठेवलं होतं. मागे पावलांचा आवाज आला. वळून पाहिलं तर आमच्या गोलातले आणखी तिघे-चौघे माझ्यामागे निघाले होते. मी गेले म्हणून ते निघाले होते. आठवडाभर माझं ऐकत होते, आताही ऐकत होते.

मधली रेष दहा-बारा पावलांवर राहिली होती. काकांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्यामागच्यांकडे पाहिलं. आणि शिट्टी वाजवली.

मी जिथे होते तिथे थांबले. सगळं मैदान थांबलं.

काका चालत माझ्याजवळ आले. "तू इकडचीच," त्यांनी स्टेशनाकडे हात केला. "जिथून निघालीस तिथं."

"काका, अजून वेळ होता," मी म्हटलं. "आणखी जरा थांबला असता तर."

"माय, पोरगं कॉलवर गेलं म्हणून तू निघालीस," ते हळू आवाजात म्हणाले, मला एकटीलाच ऐकू जाईल असं. "तेवढ्यावर मी किती दिवस कोच राहू?"

मोजणी झाली. काकांचं कोचपद गेलं. फरक फार नव्हता, माझ्यामागून येणारे पलीकडे पोचले असते तर काय झालं असतं याचे हिशोब लोक अजून करतात. मी करत नाही.

*

आता पुढचं सांगते. क्रीडाशिक्षकाने टीम हाती घेतली आणि ती सुधारली. झरीला त्याच्या पोरांनी पुढच्याच भेटीत दोन-एक हरवलं. मी बघायला गेले होते, टाळ्याही वाजवल्या. बचाव एका रेषेत हलत होता. मी म्हणाले होते तसंच झालं. माझा मुलगा पंधरा दिवसांतच बाहेर पडला. गोलकीपर आणि दोघे बॅक त्याच्याही आधी. क्रीडाशिक्षकाने स्वतः घरी येऊन मला सांगितलं, की नियमाप्रमाणे वागावं लागलं. मी त्याला चहा दिला.

काका दुसऱ्या दिवसापासून घरी बसतील असं सगळ्यांना वाटलं होतं. ते बसले नाहीत. ड्युटीवरून उतरलेली, झोप झालेली पोरं ज्या वेळी मोकळी असतील त्या वेळी त्यांना घेऊन ते मैदानावर जातात. कधी सकाळी अकराला, कधी भर दुपारी. कधी पाच जण असतात, कधी दोघेच. त्यांना नाव नाही, जर्सी नाही, सामना नाही. शिट्टीही नाही, ती त्यांनी त्याच संध्याकाळी देऊन टाकली. ते टाळी वाजवतात. मुलगा गाडीवरून आला की विचारतो, काका कुठं हायेत, आणि बूट घेऊन जातो.

उन्हाळा लागल्यावर क्रीडाशिक्षकाने तक्रार केली. दुपारच्या खेळाने गोलापुढची माती उखडते आणि संध्याकाळी त्याच्या पोरांचे पाय मुरगळतात. तक्रार खरी होती, मी स्वतः जाऊन पाहिलं. चहाच्या गाड्यापाशी पुन्हा सगळे जमले. काकांना मैदानावर यायला मनाई करायला हवी, असं ठरत आलं. पॉइंट्समन काहीच बोलले नाहीत, ते हल्ली कमी बोलतात. दुकानवाला म्हणाला, "आपुन सांगितलं तर ते ऐकायचे न्हाईत. काकूंनी सांगावं. काकूंचं ते ऐकतेत."

सगळे माझ्याकडे वळले. मला विचार करायला फार वेळ लागला नाही.

मी म्हटलं, मी सांगणार नाही. ज्याला सांगायचं आहे त्याने स्वतः जावं. ते उद्या दुपारी एकला मैदानावर असतील, कारण दोन पोरं सकाळी गाडीवरून उतरतायत आणि त्यांनी मला दुपारचे डबे सांगून ठेवलेत. एकला जा आणि तोंडावर सांगा.

"एकला?" कुणीतरी म्हणालं. "ह्या उनात?"

मी म्हटलं, हो, त्यांची वेळ तीच आहे.

थोडी कुजबुज झाली. आधी बघू, मग ठरवू, असं कुणी म्हणालं. दुकानवाल्याने दुसरा चहा सांगितला. अजून कुणी गेलेलं नाही.